भाड्याच्या खोलीतले उंदीर

शहागड, ता. १४ सप्टेंबर १९९४

चि. बद्रीनाथ यास आजीचे अनेक आशीर्वाद.

अरे विसरभोळ्या, पुण्याच्या पाण्यात काय कालवतात रे? तुझ्या आजीला वाचता येत न्हाई, हे विसरलास? पेपर उलटा धरून बसले की मला हसायचास, तरी विसरलास. तुझं पत्र आलं की ते कोण वाचतं? मंजू वाचती. मंजू कोण हेही विसरला असशील म्हणून सांगते. आपल्या रस्त्याकडच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहणारी, सायरबाईची सून, अमरचंदची बायको. तीच, जिच्याबद्दल तू लिहिलंस, "त्या मारवाड्यांना आता काढच, आजी."

तर ते तिनंच वाचलं. माझ्यापुढं, चुलीपाशी बसून, मोठ्यानं. एक शब्द गाळला न्हाई. "आता काढच, आजी" असं वाचलं, जरा थांबली आणि म्हणली, "पुढं तब्येतीला जपा असं लिहिलंय." माझी तव्यावरची भाकर करपली. आणि हे पत्र लिहून घेणारीही तीच असल्यानं तुला शिव्या द्यायच्या तर त्याही तिच्याच हातून. तिची भाषा शुद्ध. मी शिवी सांगते, ती "रागावल्या आहेत" असं लिहिती. तवा समजून घे, मी लई रागावले आहे.

खोल्यांचं म्हणशील तर मला कळत न्हाई असं न्हाई. हायवेला तोंड आहे, तुझं टायरचं दुकान तिथं बराबर चाललं असतं. आखितीला भांडून गेलास तवा म्हणलास, खोल्या रिकाम्या झाल्या की येईन, तवर तोंड दाखवणार न्हाई. तुझ्या आईबापामागं तुला मी वाढवला, आता या एवढ्या घरात मी आणि मांजर. मांजर तुझ्यापेक्षा बरं, सांजच्याला घरी येतं. पण बाबा, पेटत्या चुलीला जा म्हणायला माझी जीभ रेटत न्हाई. बघू. (मंजू विचारती, "बघू" असंच लिहू का? लिही म्हणलं.)

इकडं पुलापल्याड बीडकडं उंदीर पडू लागलेत म्हणं. माझ्या लहानपणी गाठीचा ताप आल्ता. घरात उंदीर पडला की त्या घरानं विचारत बसायचं न्हाई, भांडीकुंडी उचलून माळावर जायचं. मालक असो, भाडेकरू असो. आम्ही पोरं खूश, माळावर चिंचा होत्या. तिथून माघारी आलो तवा माझी आई संगं नव्हती, पण ते आता कशाला.

अमरचंद सुरतेला कापडाच्या दुकानात आहे, त्याचं खुशालीचं पत्र आल्तं. सायरबाईच्या तोंडात एक दात उरला न्हाई, तरी ती माझ्याशी भांडती. तू पत्र लिहीत जा. मात्र कोण वाचणार आहे ते ध्यानात धरून लिही.

तुझी आजी,
द्वारकाबाई


शहागड, ता. १ ऑक्टोबर १९९४

चि. बद्रीनाथ यास आशीर्वाद.

अक्षर पाहून भिऊ नको, हे कचरूच्या हातचं आहे. फाट्यावरच्या त्याच्या हॉटेलात बसून सांगते आहे. कागदावर भज्याचं तेल लागलं असंल तर तेवढंच तुझ्या नाकाला गाव. मंजूकडून का न्हाई लिहून घेतलं म्हणशील, तर मंजू गेली.

सगळं बयाजवार सांगते. सुरतेत प्लेग निघाल्याचं तूही ऐकलं असशील. तिथून माणसं ट्रकात, टपावर, मिळंल तशी पळाली. आपला अमरचंदबी आला. ट्रकवाल्यानं त्याला गावात उतरवला न्हाई, अलीकडं माळावर उतरवला. तिथून तोंडाला उपरणं गुंडाळून चालत आला. गल्लीतल्या बाया पोरं उचलून आत. झुंबरबाई समोरच्या ओट्यावरून ओरडली, "द्वारकाबाई, तुमच्या घरात सुरत आली बघा!" मी म्हणलं, "आली तर आली, साड्या तरी स्वस्त मिळतील." सगळे हसले. पण मला आतून हसू आलं न्हाई.

गुरुवारी मंजूच्या मोरीपाशी उंदीर पडला. आता कशानं पडला ते मला काय ठावं. उंदीर आहे, पडतो. म्हातारा असंल. पण पडला खरा. मी पाहिला. मंजूनं पाहिला. तिला मी माळावरची गोष्ट कैकदा सांगितलेली, त्यामुळं तिला काही सांगावं लागलं न्हाई. ती उभ्या जागी पांढरी पडली. म्हणली, "आजी, आम्ही इथं राहिलो तर तुम्हालाही होईल. आम्ही परतूरला माहेरी जातो."

मी काय जा म्हणलं न्हाई. हे ध्यानात ठेव. माझ्या तोंडून तो शब्द निघाला न्हाई.

जाताना तिनं दोन्ही खोल्या झाडल्या, चूल पोतारली. माझा हंडा भरून ठेवला. कशाला भरला काय माहीत, मी काय लुळी आहे? सायरबाई टेम्पोत बसताना म्हणली, "म्हे कठे जावां, बाई?" म्हणजे आम्ही कुठं जावं. मी म्हणलं, "सुनेच्या माहेरी, आणखी कुठं? लोकं मिरवत जात्यात."

तर खोल्या रिकाम्या आहेत. तूर्त मी माझं कुलूप लावलंय. तू ये आणि तुझं लाव. दिवाळीच्या आत आलास तर रंगही होईल.

जेवण जात न्हाई, पण ते हवेनं असंल. सध्या भाकर हातानं उलटते, चिमटा कुठं पडला सापडंना.

कचरू म्हणतो, माय, त्या उंदराचं तुम्ही दोनदा सांगितलं. मी म्हणलं, तू भजे तळ.

आजी


शहागड, ता. ७ ऑक्टोबर १९९४

बद्री,

आशीर्वाद देते पण आज हात जड आहे. हे पत्रही कचरूच लिहितो आहे. त्याला मी घटावर हात ठेवायला लावला, की यातलं काही बाहेर जाणार न्हाई. तो म्हणला, "माय, माझ्या हॉटेलातून फक्त चहा बाहेर जातो."

तू येऊ नको. रंगबिंग काही आणू नको.

मंजूची माणसं परतूरहून माघारी आली. तिच्या माहेरच्या गल्लीनं त्यांना बसस्टँडवरूनच परत लावलं. तिचा सख्खा भाऊ आल्ता, पण लांब उभा राहून म्हणला, "अक्का, गल्ली ऐकंना." अमरचंदला तोवर ताप भरला. दिवसभर कुणी बसमध्ये घेईना. शेवटी एक टेम्पो मिळाला. त्या ड्रायव्हरला वाटेत कळलं की सुरतेची माणसं आहेत, तर त्यानं फाट्यावर गाडी नीट उभीसुद्धा केली न्हाई. उतरा, उतरा, जल्दी उतरा. सायरबाई पडली. खुबा मोडला तिचा. आता ती चालंल असं डॉक्टर म्हणत न्हाई.

अमरचंदनं तापात तिला पाठीवर घेतली आणि तिघं दारी आली. दाराला माझं कुलूप. त्यांनी माझी कडी वाजवली. मी तवा शेतात गेल्ते.

कचरू, खोड ते. न्हाई, खोडू नको, राहू दे, त्याला दिसू दे. मी शेतात न्हवते. मी आत होते. दाराच्या आत उभी होते. मंजू "आजी, आजी" म्हणत होती आणि मी भिंतीला धरून उभी. बाहेर गल्ली जमली होती, दार उघडलं असतं तर गल्ली माझ्या अंगावर आली असती. आणि तुझं कुलूप यायचं होतं. दोन्ही खरं आहे.

मंग कचरूनं त्यांना आपल्या हॉटेलामागच्या पत्र्याच्या शेडात नेलं, जिथं तो लाकडं ठेवतो. याचं गिऱ्हाईक तुटलं. हा ते लिहीत न्हवता, मी लिहायला लावते आहे.

आता दुसरं ऐक. त्यांच्याकडं उंदीर पडला आणि खोल्या सुटल्या, हे गावानं पाहिलं. तेव्हापासून गावात उंदीर पडून राह्यलेत. पण बद्री, उंदीर मोठे हुशार. पडतात ते भाडेकरूच्याच खोलीत. मालकाच्या माळवदावर एक न्हाई. अण्णासाहेब सरपंचाच्या चाळीत तीन पडले, तिथं शाळेचे मास्तर राहतात. कालव्यावरच्या मजुरांच्या खोल्यांत पडले. एसटीतल्या त्या कंडक्टरच्या बायकोकडं पडला, ती बाळंतीण आहे. ज्याचा भाडेकरू जुना, त्याच्याकडं उंदीर मोठा. मालक लोक कुलपं शोधून राह्यलेत. रविवारी अण्णासाहेबानं गाव बोलावलंय. ज्या ज्या खोलीत उंदीर पडला, तिथल्या माणसांना पुलापल्याड काढून द्यायचं ठरणार आहे. पुलापल्याड पोलीस उभे, ते घेणार न्हाईत. म्हणजे पुलावर. आणि शेड गावाच्या हद्दीत, म्हणून ही तिघंही. मोडक्या खुब्याची म्हातारी, तापातला माणूस.

दवाखान्याची डॉक्टरीणबाई शेडात येऊन अमरचंदचं रक्त घेऊन गेली. नवी पोरगी आहे, बोटाएवढी. ती मला म्हणली, "आजी, सगळ्यांनी मला बाटलीत उंदीर आणून दिले. सगळ्यांना लसणाचा वास कसा?" उंदराच्या औषधाला तसा वास येतो. मी म्हणलं, बीडचे उंदीर लसूण खात असतील. ती हसली न्हाई.

आता लिही कचरू, आणि माझ्याकडं बघू नको.

तो उंदीर मी टाकला. माझ्या कणगीमागं औषधाच्या गोळ्यांनी मेलेला. मंजू पाण्याला गेल्ती तवा चिमट्यात धरून तिच्या मोरीपाशी ठेवला. मंग चिमटा नदीत फेकला. मला वाटलं, आपल्या पायानं जातील, महिन्या-दोन महिन्यांनी दुसरीकडं खोली बघतील, माझ्या तोंडाला जा म्हणायचं पाप न्हाई. चुलीला जा म्हणू नये एवढंच मी धरून बसले. उंदीर टाकू नये असं कुणी शिकवलं न्हवतं.

कचरूनं पेन खाली ठेवलं होतं. आता परत उचललंय.

घट बसलेत, पण माझ्याच्यानं घटापुढं बसवत न्हाई. देवीला काय तोंड दाखवू. रविवारी काय करायचं ते मला सुचत न्हाई. तुझा सल्ला विचारत न्हाई. तुझं पत्र येईस्तोवर रविवार होऊन जाईल, आणि तू काय सांगशील ते मला ठावं आहे.

आजी


शहागड, ता. २० ऑक्टोबर १९९४

चि. बद्रीनाथ,

हे अक्षर तू ओळखशील. मंजू लिहिती आहे.

तुझं पत्र आलं. कचरू म्हणला, "माय, मला तुमच्या घरचं लई कळलंय, आता मी वाचणार न्हाई." पोस्टमन ते मंजूच्या हाती देऊन गेला. तिनं वाचलं. "उंदराची युक्ती भारी केलीस, आजी, शाबास, शटर घेऊन दिवाळीला येतो." तिनं पहिल्यासारखंच वाचलं, एक शब्द गाळला न्हाई. पण तिला त्यात नवं काही कळलं न्हाई. का, ते सांगते.

रविवारी शाळेच्या पटांगणात गाव बसलं. सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. अण्णासाहेबाचं बोलणं रुमालातून कळंना, म्हणून त्यानं तो खाली घेतला. म्हणजे रोग फक्त ऐकणाऱ्याला होतो. तो म्हणला, "ज्या खोलीत उंदीर पडला ती खोली रिकामी. हा माणुसकीचा प्रश्न न्हाई, आरोग्याचा आहे."

डॉक्टरीणबाई म्हणली, "माणसं जागची हलवू नका. रोग असला तर तो हलवल्यानं गावोगाव जाईल, आणि नसला तर ती उगाच रस्त्यावर मरतील. घरात ठेवा, मी रोज येऊन बघते."

मागून कुणी ओरडलं, "मालकाची खोली, मालकाची मर्जी! तुम्ही कोण?"

मास्तर एका बाजूला उभे होते, ट्रंका आधीच बांधलेल्या. कंडक्टरची बायको बाळाला घेऊन भिंतीला टेकलेली. कुणी तिच्या जवळ बसंना.

अण्णासाहेब म्हणला, "द्वारकाकाकूंनाच विचारा की. पयला उंदीर त्यांच्याकडं पडला. एवढ्या जुन्या भाडेकरूला त्यांनी कुलूप लावलं. कुणी त्यांना वाईट म्हणलं? गावात काकूंएवढं कळणारं कोण आहे?"

सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं. बद्री, तो मला मान देत होता रे. माझं नाव घेऊन तो त्या बाळंतिणीला पुलावर नेणार होता.

मी उठले. गुडघे वाजले तेही सगळ्यांना ऐकू गेले असतील. म्हणलं, "पडला न्हाई."

"काय काकू?"

"उंदीर पडला न्हाई. मी टाकला. माझ्या औषधानं मेलेला, माझ्या चिमट्यानं. त्यांना घालवायला."

मला वाटलं होतं एवढं सांगून मी बसेन. पण उभीच राहिले आणि माझी खोड काही जात न्हाई, मी म्हणलं, "अण्णासाहेब, माझा एक चिमटा गेला बाबा. तुझ्या तीन उंदरांना किती लागले?"

कुणीतरी हसलं, आणि मंग हसू थांबलं. अण्णासाहेबानं रुमाल वर ओढून घेतला. डॉक्टरीणबाई म्हणली, "माझ्याकडं आलेल्या सगळ्या बाटल्यांना औषधाचाच वास आहे. कुणाच्या खोलीतली बाटली कोणती, ते चिठ्ठीवर आहे. वाचू का?" कुणी वाच म्हणंना. सगळे मालक आपल्या चपला बघत बसले.

झुंबरबाई मात्र उठली. माझ्यापुढं येऊन थुंकली आणि गेली. तिचं बरोबर आहे.

शेवटी अण्णासाहेबच उभा राहिला. जसं काय त्याच्याच डोक्यातून निघालं तसं म्हणला, "साथ आहे तवर गावात कुणीही भाडेकरूला काढायचं न्हाई. काढंल त्याच्या सुखदुःखाला गाव जाणार न्हाई." सगळ्यांनी हात वर केले. मास्तरांनी ट्रंका सोडल्या. बाळंतीण घरी गेली. जो माणूस चोरी करतो त्यालाच कुलपाची जास्त माहिती असते, म्हणून अण्णासाहेबानं केलेला नियम पक्का आहे.

अमरचंदच्या रक्तात हिवताप निघाला, प्लेग न्हाई. तो आता उठून बसतो. पण हे नियमाच्या नंतर निघालं. प्लेग निघाला असता तरी ते इथंच राहिले असते, हे मी तुला सांगून ठेवते. खोल्या मी उघडल्या. सायरबाईला कचरूनं आणि मास्तरांनी बाजेवर घालून आणलं. ती माझ्याशी भांडत न्हाई. भिंतीकडं तोंड करून निजती. मी दाराशी जाऊन मुद्दाम म्हणलं, "काय गं, माझ्या मांजराला दूध घातलंस का?" आधी एवढ्यावर तिनं मला सात पिढ्या ऐकवल्या असत्या. ती भिंतीकडंच बघत राहिली.

इथं मंजूचं पेन थांबलं आहे. ती विचारती, "आजी, एक विचारू? गावापुढं तुम्ही उंदराचं सांगितलं. आम्ही कडी वाजवली त्या दिवशी तुम्ही कुठं होता?"

बद्री, हे मी गावाला सांगितलं न्हवतं. उंदराचं सांगितलं की तेवढ्यात सगळं आलं, असं मी धरलं होतं.

मी म्हणलं, लिही. मी आत होते.

ती म्हणली, "मला ठाऊक होतं. आम्ही कडी वाजवली आणि आतला खलबत्ता थांबला."

मी म्हणलं, मंग विचारलंस कशाला? ती म्हणली, "तुम्ही काय लिहायला सांगता ते बघत होते."

आता ती हे सगळं लिहिती आहे. मान खाली. अक्षर तसंच आहे का रे? मला तर ओळीच दिसतात. माझ्या डोळ्यांतून पाणी येतंय ते चुलीच्या धुरानं न्हाई, चूल विझलेली आहे. हेही लिही म्हणलं तर तिनं लिहिलं.

तर तू. त्या खोल्या मी जिवंत आहे तवर त्यांच्या. माझ्यामागं तू आणि तुझं मन. मागचा गोठा रिकामा आहे, त्याला गल्लीकडून दार फोडता येतं. हायवे दिसत न्हाई, पण पंक्चर झालेला माणूस विचारत येतो. यायचं असंल तर ये, आणि आलास तर आधी सायरबाईच्या बाजेपाशी जायचं, मंग माझ्याकडं. न्हाई आलास तर मी समजेन. मांजर आहे.

तूही यात होतास असं मी म्हणणार न्हाई. तू लिहिलंस, टाकला मी. शाबास म्हणलास ते मात्र परत घे.

आणि एक काम कर. मी रोज ताटली घेऊन त्यांच्या दाराशी जाते. मंजू दार उघडती, नमस्कार करती, ताटली तशीच माझ्या हाती परत देती. एक शब्द वावगा न्हाई. माझ्या चुलीचं अन्न आता त्या घरात जात न्हाई. तवा तू पुण्याहून नानकटाई पाठव. बिनअंड्याची, बेकरीवाल्याला दोनदा विचारून घे, ते जैन आहेत. मऊ बघून घे, चहात घातली की विरघळली पाहिजे, म्हातारीला चावायला काही न्हाई. डबा घट्ट बांध, एसटीच्या पार्सलात चुरा होतो. वर नाव सायरबाईचं घाल, माझं कुठंही नको.